अनोळखी असल्याचा दाखला

चर्चच्या मागच्या अंगाला एक खोली होती आणि तिच्यात कोणीही राहत नव्हतं. हेच तिचं वैशिष्ट्य. खोली कोरडी होती, स्वच्छ होती, दक्षिणेला खिडकी होती. आत एक लोखंडी पलंग, दोन ब्लँकेटं, एक शेगडी, एक आरसा. दारावर निळ्या अक्षरांत पाटी: ‘परक्याला जो घरात घेतो, तो प्रभूलाच घरात घेतो.’ पाटीला दरवर्षी नवा रंग द्यायचे. पलंगावरची चादर दर शनिवारी बदलायचे. मळलेली नसायची, तरी बदलायचे.

चावी शिंप्याकडे होती.

ती मिळायला त्याला एकोणीस वर्षं लागली. इतक्या वर्षांत चर्चच्या मंडळीने त्याच्यावर शिवणकाम सोडून दुसरं काही सोपवलं नव्हतं. गायकांचे झगे त्याने शिवले, पाळकसाहेबांचा झगा दोनदा सैल केला, वेदीवरच्या कापडाला झालर लावली. आणि दर वेळी लोक ‘छान हं’ म्हणून पुन्हा पुढच्या बाकांवर जाऊन बसले. शिंपी मागच्या बाकावर. त्यामुळे चावी मिळाली त्या दिवशी त्याने तिच्यासाठी कोटाच्या आतल्या बाजूला वेगळा खिसा शिवला. चावीएवढाच.

त्याच्या आधी ती सुताराकडे होती. सुतार भला माणूस, पण त्याला एक मेव्हणा होता. हा मेव्हणा तीन दिवसांसाठी म्हणून खोलीत आला आणि चौदा महिने राहिला. पहिल्या महिन्यात त्याने खिडकीला पडदे लावले. तिसऱ्या महिन्यात निळ्या पाटीखाली स्वतःच्या नावाची पाटी ठोकली. सहाव्या महिन्यात एक खराखुरा परका आसरा मागत आला, तेव्हा ‘जागा नाही, पुढे बघा’ असं आतूनच सांगून त्याला वाटेला लावलं. देवदूत कधीकधी वेष पालटून दाराशी येतात आणि माणसाला पत्ताही लागत नाही, असं मंडळीला लहानपणापासून शिकवलेलं. म्हणून सुरुवातीला लोकांनी कळ काढली. पण शेजाऱ्याची इस्त्री नेऊन परत न करणारा देवदूत कोणाच्या ऐकण्यात नव्हता.

मेव्हण्याला बाहेर काढल्यावर एक समिती नेमली गेली. समितीच्या चिटणीस म्हणजे मोठ्या बाई. मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण तसं फक्त शाळेला वाटत होतं. त्यांनी एक नमुना छापून घेतला. त्याचं नाव ‘अनोळखी असल्याचा दाखला’. आलेला माणूस खरोखरच परका आहे, कोणाचा मेव्हणा नाही, याची खात्री पटावी म्हणून मंडळीतल्या दोन प्रौढ माणसांनी चिटणिसांच्या समक्ष लिहून द्यायचं: ‘सदर इसमास मी ओळखत नाही, व त्याच्याशी माझा कोणताही नातेसंबंध वा स्नेह नाही.’ तीन प्रतींत. चावी सांभाळणाऱ्याने सही करायची नाही, कारण सुताराने केली होती. पाळकसाहेबांनी करायची नाही, कारण सगळ्यांना ओळखणं हाच त्यांचा धंदा.

नमुने मोठ्या बाईंच्या कपाटात, कपाटाची किल्ली मोठ्या बाईंच्या कमरेला. चार वर्षांत एकही दाखला झाला नाही. दोघं-तिघं आले ते नियम ऐकूनच पुढच्या गावाला गेले.

आणि मग एका सोमवारी सकाळी छत्रीवाला आला.

वय साठीच्या आसपास, खांद्याला झोळी, झोळीत छत्र्यांच्या काड्या, तारा, एक छोटी पकड आणि कापडाचे काळे तुकडे. गावोगाव फिरून छत्र्या दुरुस्त करणारा माणूस. दिवस थंडीचे, त्यात रोज भुरभुर. चर्चच्या पायऱ्यांवर त्याने झोळी ठेवली आणि झाडलोट करणाऱ्या शिंप्याला विचारलं, “इथे एक खोली आहे म्हणे.”

“आहे,” शिंपी अभिमानाने म्हणाला.

“रिकामी आहे?”

“अगदी रिकामी. चार वर्षं झाली.”

“मग माझं नशीब म्हणायचं.”

“थांबा,” शिंपी म्हणाला आणि त्याने त्याला दाखल्याचं सगळं सांगितलं. छत्रीवाल्याने नीट ऐकून घेतलं. असं काही ऐकायची त्याला आयुष्यात सवय झाली असावी.

“म्हणजे मला ओळखत नाहीत अशी दोन माणसं हवीत.”

“बस. दोनच.”

“हे तर सोपं आहे की हो. आजवर कधी याची चणचण पडली नाही मला. माझं नाव—”

शिंप्याने दोन्ही हात वर केले. “नको! नाव सांगू नका.”

“का?”

“मला कळलं की माझ्या तोंडून कोणाला तरी कळणार. त्याची सही बाद. प्रकरण बिघडेल तुमचं. खोली मिळेस्तोवर तेवढं नाव पोटात ठेवा.”

“ठेवतो,” छत्रीवाला म्हणाला. “पोटात तशीही जागा आहे.”

खरं तर त्याच संध्याकाळी काम व्हायचं. पण मोठ्या बाई बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी परगावी गेल्या होत्या आणि किल्ली त्यांच्या कमरेला होती, म्हणजे तीही परगावी. शिंप्याने फोन लावला.

“शिंपीभाऊ, नमुन्याशिवाय दार उघडायचं नाही,” बाई म्हणाल्या. “मागच्या वेळचं विसरलात का?”

“नाही बाई. पण हवा जरा—”

“मी बुधवारी येते. येत्या नाही, त्याच्या पुढच्या. बहिणीचा डोळा आहे, शर्टाचं बटण नव्हे.”

तेव्हा छत्रीवाला पायऱ्यांवर राहिला. वर थोडा आडोसा होता, दोन बाजूंनी वारा होता.

मंडळी दगड नव्हती, हे इथे सांगितलं पाहिजे. पहिल्या दिवशी पाववाल्याने पाव दिला. दुसऱ्या दिवशी औषधवाल्याने खोकल्याची बाटली दिली, कारण खोकला दुसऱ्या दिवशीच सुरू झाला. ऑर्गन वाजवणाऱ्या आजींना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. त्यांनी घरून थर्मासमधून चहा आणला आणि अंदाजाने त्याच्या मांडीवर ठेवला. छत्रीवाल्याला फुकटचं घ्यायची लाज. त्याने पाववाल्याची छत्री दुरुस्त केली. मग औषधवाल्याची. मग बातमी पसरली. गावात अशी एक छत्री नव्हती जिची एखादी काडी मोडलेली नव्हती, आणि आठवडाभरात मोडकी एकही राहिली नाही. येता-जाता लोक त्याला ‘काय पायरीवाले, बरं आहे ना?’ असं विचारू लागले. तो ‘बरं आहे’ म्हणायचा आणि खोकायचा.

कोणी घरी नेलं नाही, त्यालाही कारण होतं. शिंप्याच्या बायकोने शुक्रवारीच विषय काढला होता.

“अहो, आपल्याकडे आणा ना त्यांना. दुकानात गादी टाकू.”

“वेडी आहेस का? आपल्याकडे राहिला की आपला पाहुणा झाला. पाहुणा म्हणजे ओळखीचा. मग त्याची खोली कायमची गेली.”

“आपल्याकडे राहिला तर त्याला खोली कशाला लागेल?”

शिंपी थोडा वेळ कात्री चालवत राहिला. “तुला त्यातलं कळत नाही,” तो म्हणाला.

पण दुपारचा डबा तो पायरीवर बसून खाऊ लागला. डबा दोघांचा होता. बायकोने न विचारताच दोघांचा केला होता. बोलणं जपून चालायचं. गाव, नाव, बायको, मुलं, काही काढायचं नाही असं ठरलेलं. उरली हवा आणि कापड. छत्रीवाल्याला कापडातलं कळत होतं. शिंप्याला इतक्या वर्षांत विणीबद्दल बोलायला माणूस मिळाला नव्हता. दुसऱ्या-तिसऱ्या डब्यालाच त्याने टेप काढली. गायकांच्या झग्यांचं जाड लोकरी कापड उरलं होतं, त्यातून एक कोट निघत होता.

“उभे राहा. हात जरा लांब करा. छाती चौतीस. खांदे सोळा. डावा अर्धा इंच खाली आहे तुमचा.”

“झोळी त्याच बाजूला असते.”

“आतून भरून घेतो, दिसायचं नाही. लांबी गुडघ्यापर्यंत देतो. उंची पाच फूट साडेसहा असेल तुमची.”

“टेप न लावता?”

“डोळ्यांनी. चुकत नाही माझं. आता ट्रायल एकदा खोलीतच घेऊ, आरसा आहे तिथे.”

रविवारी पाळकसाहेबांनी परक्याच्या पाहुणचारावर प्रवचन केलं. ते मनापासून बोलत होते, हे कोणीही सांगितलं असतं. उन्हात बसलेल्या म्हाताऱ्या अब्राहामाने तीन अनोळखी वाटसरू पाहिले आणि तो धावत सामोरा गेला, नाव विचारत बसला नाही, आधी पाय धुवायला पाणी आणलं, मग पानं वाढली, हे त्यांनी असं सांगितलं की पुढच्या बाकावर दोघींनी डोळे पुसले. गर्दी होती म्हणून बाहेर कर्णा लावला होता. त्यामुळे छत्रीवाल्यालाही प्रवचन पूर्ण ऐकू आलं. मध्येमध्ये त्याचा खोकला आत येत होता. आजींनी शेवटचं गीत जरा मोठ्याने वाजवलं.

“छान झालं,” बाहेर पडताना त्याने पाळकसाहेबांना सांगितलं.

पाळकसाहेबांचा चेहरा लाल झाला. “बुधवारी येताहेत बाई,” ते म्हणाले. “मी प्रार्थनेत आहे.”

बुधवारी बाई आल्या. गुरुवारी सकाळी समितीची सभा झाली. कपाट उघडलं, नमुने निघाले, शाईचं पॅड निघालं. छत्रीवाल्याला आत बोलावून भिंतीपाशी खुर्चीवर बसवलं. अकरा दिवसांत तो खुर्चीवर पहिल्यांदाच बसत होता, आणि बसता बसता त्याचे डोळे मिटले.

“चला,” मोठ्या बाई म्हणाल्या. “कोण सही करतंय?”

पाववाला पुढे झाला. पेन हातात घेतलं. मजकूर वाचला. पेन खाली ठेवलं.

“बाई, इथे ‘ओळखत नाही’ असं आहे.”

“मग?”

“अहो, रोज सकाळी पाव देतो मी यांना. कडा आवडत नाहीत यांना, मऊ भाग खातात. आता देवाच्या घरात बसून मी यांना ओळखत नाही असं कसं लिहू?”

औषधवाला घसा खाकरून म्हणाला, “मीही विचार करतच होतो. यांच्या छातीचा आवाज झोपेतसुद्धा ओळखीन मी.”

“आजी, तुम्ही तर पाहिलेलं नाही यांना,” शिंपी घाईने म्हणाला. “तुम्हाला दिसतच नाही.”

“खोकल्यावरून ओळखते रे बाबा,” आजी म्हणाल्या. “आधी कोरडा होता, सोमवारपासून ओला झालाय.”

“बाई,” शिंपी म्हणाला, आणि समितीसमोर उभा राहून तो पहिल्यांदाच बोलत होता, “नाव तरी कुठे माहीत आहे आपल्याला यांचं? नाव नाही, गाव नाही. ही काय ओळख झाली?”

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. “शिंपीभाऊ, माणूस नावाने ओळखतात का? ओळख माणुसकीने होते. आणि तुम्ही सगळे यांना काय म्हणता?”

पाववाला पेनाचं टोपण लावू लागला.

“पायरीवाले,” आजी म्हणाल्या.

“बघा. माणसाला नाव पडलंय, आणि म्हणे अनोळखी! मी इथे नव्हते म्हणून मी सही करू शकले असते, पण चिटणिसाने चिटणिसाच्या समक्ष सही करणं मला बरं दिसत नाही.”

“मग ओळखीचे म्हणून तरी खोली द्या,” सुतार मागून म्हणाला.

सगळ्यांनी वळून सुताराकडे पाहिलं. चौदा महिने एका क्षणात सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून गेले. सुतार खाली बसला.

छत्रीवाल्याला जाग आली. “झालं का?” त्याने विचारलं.

“थोडं राहिलंय,” शिंपी म्हणाला.

शुक्रवारी शिंपी मोठ्या बाईंना घेऊन चर्चच्या जुन्या वॉचमनकडे गेला. जुना वॉचमन सहा वर्षं अंथरुणाला खिळून होता; पायऱ्या त्याने तेव्हापासून पाहिल्या नव्हत्या. बाई नियमाला पक्क्या होत्या पण दुष्ट नव्हत्या. वाटेत शिंप्याचा वेग त्यांना झेपेना तरी त्या काही बोलल्या नाहीत.

“कोण आहे माणूस?” वॉचमनने विचारलं.

“सांगता येत नाही,” शिंपी म्हणाला. “सांगितलं तर तुम्हाला कळेल.”

“बरोबर आहे,” वॉचमन म्हणाला आणि त्याने पडल्या पडल्या तीन सह्या केल्या. “मला हल्ली कोणीच ओळखीचं नाही. आणखी कोणाचे दाखले असतील तर आणा.”

एक झाली. उरली एक. गावात दुसरा माणूस उरला नव्हता ज्याच्या छत्रीला छत्रीवाल्याचा हात लागलेला नाही. शिंपी दिवसभर घरोघर फिरला. लोक दार उघडायचे, आत बोलवायचे, चहा विचारायचे, आणि छत्रीवाल्याची तब्येत कशी आहे ते विचारायचे. तिथेच त्यांची सही बाद व्हायची. शेवटी औषधवाल्याच्या दुकानात कळलं की त्याची नवी सून रविवारी सकाळच्या गाडीने येते आहे. लग्न तिच्या गावी झालं होतं, तिकडच्या चर्चचं पत्र घेऊन ती येणार, पत्र उपासनेत वाचलं जाणार, आणि त्या क्षणापासून ती या मंडळीची. प्रौढ होती. गावात पाऊलही टाकलेलं नव्हतं.

“तिला काही सांगू नका,” शिंप्याने औषधवाल्याला बजावलं. “कोरी आणा.”

शनिवारी संध्याकाळी तो चादर बदलायला खोलीवर गेला. हवा एवढी बोचरी होती की चावी बोटांना चिकटत होती. त्याने शेगडी पेटवून पाहिली, पेटली. ब्लँकेटं झटकली, उशीला नवा अभ्रा घातला. वळला तर दारात छत्रीवाला उभा. आत आला नव्हता. पायपुसण्यावर एक पाय होता, दुसरा बाहेर. ओठ निळसर दिसत होते, पाटीच्या अक्षरांसारखे.

“उजेड दिसला म्हणून आलो,” तो म्हणाला. “शेगडी कुणासाठी?”

“तुमच्यासाठीच. पेटते का बघत होतो. उद्यासाठी.”

“चांगली पेटते.”

“उद्या अकरा वाजता उपासना संपते. दुसरी सही नक्की झाली. साडेअकराला तुम्ही इथे.”

छत्रीवाला पलंगाकडे बघत होता. शिंपीही बघत होता. खोलीत दोघांशिवाय कोणी नव्हतं, अंगणात कोणी नव्हतं, मोठ्या बाईंचं घर तीन गल्ल्या पलीकडे होतं. चावी शिंप्याच्या खिशात होती. त्याला एवढंच म्हणायचं होतं, ‘या’. ते त्याच्या जिभेवर आलंही. मग त्याला वॉचमनच्या तीन सह्या आठवल्या. आज आत घेतलं आणि कोणी पाहिलं, तर प्रकरण रद्द. एका रात्रीसाठी कायमची खोली जायची. चावी सुद्धा. चावीचं आपण नंतर आठवलं की आधी, हे त्याला पुढे कितीतरी दिवस ठरवता आलं नाही.

“चादर आत्ताच घातलीय,” तो म्हणाला.

“हो, हो,” छत्रीवाल्याने पायपुसण्यावरचा पाय मागे घेतला. “मळायला नको.”

“एका रात्रीचा प्रश्न आहे.”

“काळजी करू नका, शिंपीभाऊ. मी उद्याही अनोळखीच असेन.”

शिंप्याने स्वतःचा कोट काढून त्याला दिला. मग आतल्या खिशातून चावी काढायची राहिली म्हणून परत घेतला, चावी काढली, आणि पुन्हा दिला. शेगडी विझवली, दार लावलं, कुलूप ओढून पाहिलं.

रविवारी सकाळी औषधवाल्याची सून नवऱ्याबरोबर गाडीतून उतरली आणि सरळ चर्चला आली. गावात ती चढत असलेली ही पहिलीच पायरी. वरच्या पायरीवर भिंतीला टेकून एक माणूस बसला होता, गुडघ्यांवर छत्री, अंगात तोकडा कोट. त्याचे डोळे उघडे होते. ती ‘नमस्कार’ म्हणाली. मग जवळ वाकली. मग तिने हातमोजा काढला आणि तळव्याने त्याचे डोळे मिटले.

लोक जमले. आतून ऑर्गन सुरू होता. आजींना कोणी सांगितलं नव्हतं.

“कोण आहेत हे?” सुनेने विचारलं. “नाव काय यांचं?”

चौदा दिवसांत त्याचं नाव कोणी विचारलं नव्हतं. लोक एकमेकांकडे बघू लागले. प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याला माहीत असेल. शिंपी मागे उभा होता, शर्टावर. त्याला ते नाव माहीत नव्हतं. पण ते कसं सुरू होता होता थांबलं, ते फक्त त्यालाच माहीत होतं.

सोमवारी चौकीवरून एक हवालदार आला. त्याने वही उघडली. “मयत कोणाच्या ओळखीचा होता?” त्याने विचारलं. “ओळखीचा असेल तर जबाब घ्यावे लागतील. कधी आला, कुठे राहिला, आजारी होता तर काय केलं. तोवर बॉडी शवागारात. बेवारस असेल तर तसं लिहून द्या, तुमच्याच कब्रस्तानात पुरा, मी मोकळा.”

कुठे राहिला, आजारी होता तर काय केलं. हे दोन प्रश्न सभागृहात थोडा वेळ तसेच उभे राहिले, त्यांना कोणी खुर्ची दिली नाही.

मोठ्या बाईंनी कपाट उघडलं. कब्रस्तानात परक्यांसाठी एक कोपरा होता, पण त्याचा वेगळा नमुना छापलेला नव्हता. त्यांनी खोलीचाच एक कोरा घेतला. ‘खोली’वर रेघ मारून ‘जागा’ लिहिलं. अक्षर सुंदर होतं.

“खरं बघायला गेलं,” त्या कोणाकडेही न बघता म्हणाल्या, “नावच माहीत नाही, गाव माहीत नाही, तर ओळख कसली?”

“तेच,” पाववाला म्हणाला.

“येता-जाता बोलणं म्हणजे काही ओळख नव्हे,” औषधवाला म्हणाला. त्याने सुनेला पुढे केलं. “ही सही करेल. हिचा तर काही संबंधच नाही.”

सुनेने मजकूर वाचला. “मला नाही करता येणार,” ती म्हणाली.

“का गं?”

“यांचे डोळे मी मिटले, मामंजी. आता ओळखत नाही असं कसं लिहू?”

औषधवाल्याने तिच्या हातातून पेन घेतलं आणि स्वतः तीनदा सही केली. पेन टेबलावर राहिलं. कोणी उचललं नाही. एव्हाना पाववाला बाहेर जाऊन आपली छत्री उगाच उघड-मीट करत होता.

“दुसरी सही नसेल तर शवागार,” हवालदार म्हणाला. “तिथे किती दिवस जातील सांगता येत नाही.”

शिंपी उठला. “चावीवाल्याला चालते का?”

“तो नियम खोलीसाठी,” मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. “ही जागा आहे.”

‘सदर इसमास मी ओळखत नाही, व त्याच्याशी माझा कोणताही नातेसंबंध वा स्नेह नाही.’ त्याने पहिल्या प्रतीवर सही केली. दुसऱ्या प्रतीवर केली. तिसऱ्यावर पेन अडलं, शाई आली नाही. त्याने ते झटकलं आणि सही केली. निदान ही जागा तरी मिळू दे, असं तो मनाशी म्हणत होता, आणि ते खरंही होतं.

सुतार पेटीसाठी आला होता. त्याने कानामागची पेन्सिल काढली. “माप कोण देणार? जाऊन घ्यावं लागेल.”

“पाच फूट साडेसहा,” शिंपी म्हणाला. “खांदे सोळा. डावा अर्धा इंच खाली आहे, त्या बाजूला काहीतरी मऊ भरा.”

सुताराची पेन्सिल थांबली. हवालदाराने वहीतून वर पाहिलं. मग त्याने वही मिटली. त्यालाही जेवायला जायचं होतं.

झग्यांच्या कापडाचा कोट त्या दिवशी पुरा झाला. शिंप्याने बाह्यांच्या आतल्या बाजूची कच्ची शिवण उसवून पक्की घातली, काजं हाताने केली, आणि बायकोने तो पेटीतल्या छत्रीवाल्याला घालून नीट गळ्यापर्यंत लावला. ट्रायलला जास्त वेळ लागला नाही. माप बरोबर होतं.

पुरताना पाऊस आला. पाळकसाहेब दोन वाक्यं बोलले आणि तिसरं त्यांना सुचलं नाही. तेवढ्यात सगळ्यांनी छत्र्या उघडल्या. गावात असं कधी झालं नव्हतं. दर वेळी कोणाची तरी काडी अडकायची, कोणाची तरी उलटी व्हायची. या वेळी एका दमात सगळ्या उघडल्या, गच्च ताणलेल्या, एकही कुरकुरली नाही. त्या काळ्या छताखाली मंडळी कोरडी उभी राहिली. शिंप्यानेही आपली उघडली. एका काडीपाशी कापडाचा एक छोटा काळा तुकडा होता, इतका बारीक टाचलेला की टाका दिसत नव्हता, आणि तो पेटी खाली जाईपर्यंत त्या तुकड्याकडे बघत उभा राहिला.

शनिवारी त्याने चादर बदलली.